इव्हेंट लॉग उघडत नाही, म्हणजे नोंदी गेल्या असं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कुपवाडजवळच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचं ऑफिस तुम्ही सांभाळता. खोल्यांचं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर विंडोज १० च्या एका पीसीवर चालतं. एका रात्री तो पीसी बंद पडला आणि सकाळपर्यंतचा आलेख कोरा राहिला. मालक म्हणतात, रात्रपाळीच्या ऑपरेटरनं मशीन बंद केलं. तो ऑपरेटर पोरगा म्हणतो, लाइट गेली आणि यूपीएस बसला. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये, म्हणजे मशीनवर घडलेल्या घटनांच्या नोंदवहीत, काय ते कळेल म्हणून तुम्ही ती वाचायचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर फाइल करप्ट असल्याचा १५०० क्रमांकाचा एरर आला. ओळखीच्या टेक्निशियननं सल्ला दिला, फाइल डिलीट करा, रीस्टार्ट मारा, नवीन लॉग तयार होईल. तुम्ही ते केलं नाही. फाइल दुरुस्त करणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का, असं विचारलंत.

डिलीट केलं नाहीत, इथंच अर्धं काम झालंय. टेक्निशियन चुकीचं सांगत नव्हता. लॉग पुन्हा चालू व्हावा एवढीच गरज असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला उद्याचा लॉग नको, त्या रात्रीचा हवाय. आणि दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर सांगलीत वीसेक वर्षं हेच काम करून माझं मत असं झालंय की लॉग दुरुस्त करायच्या भानगडीत पडूच नये. त्यातून नोंदी वेचायच्या. भुईमूग उपटून झाल्यावर शेंगा वेचायला बायका रानात उतरतात ना, तसं. रान पुन्हा उभं करायचं नसतं, शेंगा घरी आणायच्या असतात.

पण त्याआधी ती डिस्क थांबवा. मशीन चालू आहे तोवर विंडोज काहीबाही लिहीतच राहतं: अपडेट, अँटिव्हायरस, तुमच्या तापमानाच्या नोंदी. कोल्ड स्टोरेज थांबवता येत नाही हे मला कळतं. ते सॉफ्टवेअर चार दिवस दुसऱ्या पीसीवर चढवा आणि ही डिस्क काढून तिच्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी लावा. मग तिची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज घ्यायची. दुसऱ्या विंडोज मशीनला सरळ जोडून नव्हे. विंडोज डिस्क दिसली की तिच्यावर स्वतःहून लिहायला लागतं. राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्क वाचू देणारं पण लिहू न देणारं उपकरण, असेल तर उत्तम. नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स), डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता, डीडीरेस्क्यू हे प्रत घेणारं साधन चालवा. हे आधी चांगले सेक्टर भराभर उचलतं, अडलेली जागा बाजूला ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न करतं आणि कुठलं वाचलं, कुठलं नाही याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाइट गेली तर तो नकाशा बघून पुढं चालू. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे याचं मोल काय आहे हे वेगळं सांगायला नको.

इमेज झाली की तिचा हॅश, म्हणजे एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडी ठसा, काढून वहीत लिहा, आणि इथून पुढं हात लावायचा तो फक्त इमेजच्या प्रतीला.

इतकं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः ठेच खाल्लीय. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती इतक्या डिस्क आल्या, चिखलासकट. त्यातली एका अडत दुकानाची डिस्क मात्र कोरडी होती. मशीन माळ्यावर होतं, पाण्याखाली गेलंच नव्हतं. वीज चार वेळा येऊन गेली होती एवढंच. सोपं काम म्हणून मी मूळ डिस्कवरच चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवलं, दुरुस्तीच्या स्विचसकट. झालं, लॉगची फाइल जागेवरून गायब आणि 'फाउंड डॉट ०००' नावाच्या फोल्डरात सीएचके एक्स्टेन्शनचे तुकडे. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवतं. त्या जुळवाजुळवीत तुमची फाइल शाबूत राहावी, ही जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकलेलीच नाही. त्या तुकड्यांतून पुढं बऱ्याच नोंदी निघाल्या. पण जे तुकडे मिळाले नाहीत ते माझ्यामुळे मिळाले नाहीत, हे मला अडत्याला सांगावं लागलं.

मध्येच एक शंका हमखास येते, तिचं उत्तर देऊन टाकतो. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल सिस्टिम, जर्नल (बदलांची वही) ठेवतं, मग लाइट गेल्यावर फाइल बिघडतेच कशी? ते जर्नल फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींचं आहे: फाइल कुठं आहे, केवढी आहे, नाव काय. फाइलच्या पोटातल्या मजकुराची हमी ते देत नाही. इव्हेंट लॉगची सेवा चालू भाग मेमरीत ठेवून थोड्या थोड्या वेळानं डिस्कवर उतरवते. त्यात डिस्कची स्वतःची कॅश. नेमक्या त्या फटीत वीज गेली की फाइलचं पहिलं पान एक सांगतं आणि आतला माल दुसरं.

आता फाइलची रचना. व्हिस्टापासून विंडोजचे लॉग ईव्हीटीएक्स प्रकारात असतात. त्याआधी एक्सपी आणि २००३ पर्यंत ईव्हीटी होता. मायक्रोसॉफ्टनं नवा प्रकार आणला तेव्हा अँड्रियास शुस्टर यांनी तो बाइट-बाइट उलगडून २००७ साली मांडला, आणि आज आपण वापरतो ती बहुतेक मोफत साधनं त्या पायावर उभी आहेत.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतीलच. जमिनीखाली एकमेकांपासून वेगळी खोदलेली, वरून तोंड बंद. एका पेवात पाणी शिरलं तर त्यातली हळद जाते, शेजारच्या पेवाला त्याची खबरही नसते. ईव्हीटीएक्स फाइल अगदी अशीच आहे. सुरुवातीला ४०९६ बाइटचं हेडर, म्हणजे फाइलची माहिती देणारा माथा, त्यातले कामाचे १२८. त्यानंतर ६५,५३६ बाइटचे, म्हणजे ६४ केबीचे चंक (ठोकळे), एकामागे एक. प्रत्येक चंकला स्वतःचं ५१२ बाइटचं हेडर, स्वतःचे चेकसम (मजकूर बिघडला का ते सांगणारे आकडे), स्वतःच्या नोंदींचे पहिले आणि शेवटचे क्रमांक. सिस्टिम लॉगची ठरलेली कमाल मर्यादा २० एमबी, म्हणजे भरलेल्या फाइलीत ३२० चंक. ३२० पेवं! इव्हेंट व्ह्यूअर मात्र दारावरची पाटी वाचतो, ती जुळली नाही की सगळी हळद कुजली म्हणून परत फिरतो.

म्हणून आधी एक गणित करा, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या, त्यातून ४०९६ वजा करा, उरलेल्याला ६५,५३६ नं भागा. बाकी शून्य आली तर निदान लांबी शाबूत आहे. लॉगच्या फोल्डरात कितीतरी लॉग ६८ केबीचे आणि १०२८ केबीचे दिसतात ते याच हिशेबानं: हेडर अधिक एक चंक, हेडर अधिक सोळा चंक. बाकी उरली तर फाइल तुटलीय किंवा प्रत अर्धवट झालीय.

मग हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम. फाइलच्या पहिल्या आठ बाइटमध्ये इंग्रजीत 'एल्फफाइल' असं वाचता येतं. सरकत ४०९६ वर जा, तिथं 'एल्फचंक', शेवटची अक्षरं आखडून. मग दर ६५,५३६ बाइटनंतर तेच. पहिल्या खेपेला मी फक्त हे एवढंच मोजतो: किती चंकांची पाटी जागेवर आहे, कितींच्या जागी नुसती शून्यं आहेत, कितींच्या जागी भलतंच काही. लाइट गेल्यानं बिघडलेल्या फाइलीत बहुतेक वेळा एखाद-दुसराच चंक खराब निघतो. सगळी फाइल एकसारखी गचाळ दिसली, कुठंच शून्यांचे पट्टे नाहीत, वाचता येईल असा शब्द नाही, तर मला रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची, शंका येते, आणि मग कामाची दिशाच बदलते. तिथंही लगेच हात टेकायचे नाहीत, कारण काही रॅन्समवेअर वेळ वाचवायला फाइलचा सुरुवातीचाच भाग बिघडवतात. मागची पेवं तशीच राहतात.

सगळ्यात सोपा बिघाड म्हणजे फक्त मुख्य हेडरचा. चालू मशीनवरून उचललेली किंवा वीज जाऊन राहिलेली फाइल 'डर्टी' असते. १२० व्या बाइटपासूनच्या फ्लॅगमध्ये तशी खूण असते आणि ४२ व्या बाइटवरची चंकांची संख्या जुनीच राहिलेली असते. नुसती खूण असेल तर विंडोज सहसा कुरकुर न करता उघडतं. संख्या चुकली असेल तर प्रतीवर ती हातानं बरोबर करता येते. मग पहिल्या १२० बाइटचा सीआरसी-३२ हा चेकसम काढून १२४ वर लिहावा लागतो. गंमत अशी की फ्लॅग १२० वर आहे, म्हणजे चेकसमच्या कक्षेबाहेर, त्यामुळे तेवढंच बदललं तर चेकसमला हात लावायची गरज नाही. हे मी सांगतोय खरं, पण पुराव्याच्या कामात मी स्वतः असं करत नाही. हेडर बदललेली फाइल वकिलानं हातात घेतली की पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे तुम्ही फाइल बदललीत?' कशाला आगीतून फुफाट्यात! हेडरकडे न बघता थेट चंक वाचणारी साधनं आहेत, ती वापरली की मूळ फाइल जशीच्या तशी राहते.

ती साधनं अशी. विली बॅलनथिन यांची पायथन-ईव्हीटीएक्स ही लायब्ररी, योआखिम मेट्झ यांची लिबईव्हीटीएक्स, आणि एरिक झिमरमन यांचं ईव्हीटीएक्स-ई-कमांड, जे नोंदी थेट सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या तक्त्यात, काढून देतं. तिन्ही मोफत. मी एकाच फाइलवर निदान दोन चालवतो आणि नोंदींची संख्या ताडून बघतो. आकडे जुळले तर झोप चांगली लागते. जुळले नाहीत तर फरक ज्या चंकात आहे तिथं हेक्स एडिटर घेऊन बसायचं. विंडोजचं स्वतःचं वेवट-युटिल नोंदी नव्या फाइलीत काढून द्यायला चांगलं आहे, पण ते इव्हेंट व्ह्यूअरच्याच घरातलं. जिथं तो अडतो तिथं तेही अडतं.

चंकची पाटीच गेली असेल तर? इथं खरं वेचणं सुरू होतं. प्रत्येक नोंदीची सुरुवात ठरलेली: दोन फुल्या (**) आणि दोन शून्य बाइट. त्यानंतर चार बाइटमध्ये नोंदीची लांबी, आठ बाइटमध्ये नोंद क्रमांक, आठ बाइटमध्ये वेळ, मग मजकूर, आणि अगदी शेवटी तीच लांबी पुन्हा एकदा. ही शेवटची लांबी देवासारखी धावून येते. दोन फुल्या कुठंही योगायोगानं सापडतील. पण सुरुवातीची लांबी मोजून पुढं उडी मारली आणि तिथं तीच लांबी पुन्हा भेटली, तर ती नोंदच. बॅलनथिन यांचंच ईव्हीटीएक्सट्रॅक्ट नावाचं साधन हे काम कुठल्याही कच्च्या बाइटवर करतं. फाइल असलीच पाहिजे असं नाही. रिकाम्या जागेची इमेज चालते, मेमरीची इमेज चालते, आणि माझे ते सीएचके तुकडेही चालले.

एक अडचण मात्र आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आपण जे वाक्य वाचतो, 'अमुक प्रोग्रामनं तमुक वापरकर्त्याच्या वतीनं मशीन बंद केलं', ते वाक्य लॉगमध्ये नसतंच. ते संबंधित प्रोग्रामच्या डीएलएल फाइलीत असतं. लॉगमध्ये असतात फक्त रिकाम्या जागी भरायच्या किमती. त्या किमती कोणत्या साच्यात बसवायच्या तो एक्सएमएलचा साचाही चंकात एकदाच लिहितात, पुढच्या नोंदी नुसतं त्याच्याकडे बोट दाखवतात. त्यामुळे चंकाचा जो भाग गेला त्यातच साचा असेल, तर पुढच्या नोंदी सापडतात पण उघड्या-वाघड्या: नाव, आकडा, नाव, आकडा. ईव्हीटीएक्सट्रॅक्ट दुसऱ्या चांगल्या चंकांतले साचे लावून बघतं आणि बऱ्याचदा जुळतंही. नाही जुळलं तर त्याच विंडोज आवृत्तीच्या दुसऱ्या पीसीवर तशीच घटना घडवून, तिचा साचा शेजारी ठेवून किमती कोणत्या क्रमानं येतात ते मी बघतो. वेळखाऊ काम आहे, एका नोंदीला कधी कधी दुपार जाते. आणि हो, नाव शोधताना साध्या मजकुरासारखं शोधू नका. लॉगमधला मजकूर यूटीएफ-१६ मध्ये असतो, प्रत्येक इंग्रजी अक्षरामागं एक शून्य बाइट. शोधाच्या खिडकीत ते सांगितलं नाही तर समोर असलेलं नाव 'सापडलं नाही' म्हणून येतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फाइल आधीच डिलीट झालेल्यांसाठी दोन ओळी. हार्ड डिस्क असेल तर रिकाम्या जागेतून वेचायला पुष्कळ वाव आहे. एसएसडी असेल आणि ट्रिम चालू असेल, तर ती जागा डिस्क स्वतःच साफ करते; तिथं मी पैसे घेऊन आशा विकत नाही. दोन्हीकडे शॅडो कॉपी (विंडोजनं ठेवलेल्या जुन्या प्रती) आणि 'विंडोज.ओल्ड' फोल्डर मात्र बघाच, जुन्या तारखेची अख्खी फाइल तिथं सहज बसलेली असते.

आता तुमच्या मूळ भांडणाकडे. नोंदी निघाल्या की काय शोधायचं? सगळ्यात आधी १०७४ क्रमांकाची नोंद. मशीन रीतसर बंद किंवा रीस्टार्ट झालं तर ही नोंद पडते, आणि तिच्यात सात किमती असतात: कोणत्या प्रोग्रामनं सांगितलं, मशीनचं नाव, कारण, कारणाचा कोड, बंद की रीस्टार्ट, शेरा, आणि कोणाच्या नावानं. ऑपरेटरच्या लॉगिनचं नाव आणि स्टार्ट मेन्यू किंवा एक्सप्लोररचा प्रोग्राम दिसला तर पोराला बसवून नीट विचारा. पण माझ्या अनुभवात अशा भांडणांत तिसराच गडी निघण्याची शक्यता कमी नसते. नाव 'सिस्टिम'चं आणि प्रोग्राम 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' किंवा अपडेटच्या घरातला असेल, तर विंडोज अपडेटनं रात्री मशीन रीस्टार्ट केलं, लॉगिनच्या पडद्यावर येऊन ते उभं राहिलं, आणि लॉगिन झाल्याशिवाय तुमचं तापमानाचं सॉफ्टवेअर सुरूच झालं नाही. मालक खोटे नाहीत, पोरगा खोटा नाही, आलेख मात्र कोरा.

१०७४ नसेल आणि मशीन तरीही बंद पडलं असेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना विंडोज दोन नोंदी टाकतं: ६००८, म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं, आणि कर्नेल-पॉवरची ४१. या दोन्ही नंतर लिहिल्या जातात, त्यामुळे बिघडलेल्या चंकात नसून त्याच्या पुढच्या चंकात सापडण्याची आशा जास्त. ६००८ मधली वेळ ही विंडोज अधूनमधून 'मी जिवंत आहे' असं लिहून ठेवतं त्यावरून आलेली असते, तेव्हा तिला मिनिटाच्या काट्यावर धरू नका. ४१ च्या आत बगचेक कोड शून्य असेल तर निळा पडदा येऊन मशीन कोसळलेलं दिसत नाही. त्याच नोंदीत पॉवर बटणाच्या वेळेचा एक रकाना असतो. तो शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं.

पण लाइट गेली, की कुणी प्लग ओढला, की यूपीएसची बॅटरी मेली, हे लॉगला कळत नाही. वीज गेली एवढंच त्याला कळतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी! इथं मशीनबाहेरचे साक्षीदार लागतात: महावितरणच्या फीडरची त्या रात्रीची नोंद, कॉम्प्रेसरच्या पॅनेलची वही, जनरेटर सुरू केल्याची वेळ, ऑफिसच्या राउटरचा लॉग. यूपीएस यूएसबीनं जोडलेला असेल तर त्याचं सॉफ्टवेअर बॅटरीवर गेल्याची नोंद बहुधा ॲप्लिकेशन लॉगमध्ये टाकतं. तो लॉग वेगळ्या फाइलीत आहे, तिला काही झालेलं नसेल. तसंही लॉगच्या फोल्डरात शंभराच्या वर लॉग असतात आणि लोक तीनच बघतात. लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग उघडा. त्यात २१ म्हणजे लॉगिन, २३ म्हणजे लॉगऑफ, आणि समोर बसून केलेलं लॉगिनही येतं. सिस्टिम लॉगचं नेमकं पान फाटलेलं असलं तरी पहाटे कोण लॉगिन झालं हे तिथं मिळू शकतं.

वेळेबद्दल दोन खाचखळगे. नोंदीतली वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजलेली, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, आणि ती यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, असते. इव्हेंट व्ह्यूअर ती आपल्या वेळेत करून दाखवतो, वेचणारी साधनं बहुतेक यूटीसीच देतात. सीएसव्हीत २० वाजून ४७ मिनिटं दिसली की मालक म्हणतील, 'बघा, पावणेनऊला, जेवायच्या वेळी बंद केलं!' त्यात साडेपाच तास मिळवा, रात्रीचे २ वाजून १७ मिनिटं होतात, आणि तारीखही पुढची. या एका चुकीनं माणसाची नोकरी जाऊ शकते. दुसरं, जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ मागं पळतं, मग इंटरनेट मिळालं की पुढं येतं. अशा वेळी नोंदी वेळेप्रमाणे लावल्या तर सगळा गोंधळ. नोंद क्रमांकाप्रमाणे लावा. घड्याळ बदलल्याचीही कर्नेल-जनरलची १ क्रमांकाची नोंद असते, जुनी आणि नवी वेळ घेऊन.

फास्ट स्टार्टअपचंही सांगायला हवं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पुष्कळदा अर्धी झोप असते, गाभा हायबरनेट होतो. ६०१३ क्रमांकाची एक नोंद मशीन किती सेकंद चालू आहे ते सांगते, आणि त्यावरून मागं मोजून सुरू झाल्याची वेळ काढायची युक्ती बरेच जण शिकवतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो आकडा शट डाउननं शून्यावर येत नाही. मग 'मशीन नऊ दिवस सलग चालू होतं' असा निष्कर्ष निघतो, मधे रोज बंद होऊनसुद्धा.

तुमच्या वेअर-हाउसचा सर्व्हर लिनक्सवर आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून एवढंच: तिथं सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला जर्नल (त्याचा लॉग) डिलीट करत नाही, नावाच्या शेवटी एक नागमोडी चिन्ह लावून बाजूला ठेवतं आणि नवा सुरू करतं. जागा अडते म्हणून ती फाइल कुणी उडवू नये. जर्नलसीटीएल ही कमांड तिच्यातलं वाचता येईल तेवढं वाचतं, आणि त्याच्या व्हेरिफाय पर्यायानं बिघाड कुठं आहे ते कळतं. साध्या मजकुराच्या लॉगमध्ये वीज गेल्यावर शून्य बाइटचा पट्टा राहतो आणि ग्रेप ही मजकूर शोधायची कमांड त्या फाइलीला बायनरी म्हणून ओळी दाखवत नाही. ग्रेपला 'ए' स्विच लावा, ओळी येतात.

प्रकरण व्यापाऱ्याच्या दाव्यापर्यंत किंवा कोर्टापर्यंत जाणार असेल तर कागद आत्ताच नीट करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या कायद्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम ६५ ब आता त्यात कलम ६३ म्हणून आलंय, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक मशीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहायचा असतो. इमेज घेतली त्या क्षणी हॅश वहीत टिपला नसेल तर तो रकाना भरताना हात थरथरतो.

अहवालात मी दोन याद्या करतो, आणि दुसरी पहिलीइतकीच मन लावून करतो. पहिली, मिळालेल्या नोंदी: प्रत्येकीसमोर ती शाबूत चंकातून आली, तुटक्या चंकातून वेचली, की साचा बाहेरून लावून वाचली. दुसरी, न मिळालेल्या. नोंद क्रमांक ओळीनं वाढत जातात, त्यामुळे भोक मोजता येतं. समजा ४८,२१० नंतर थेट ४८,३७७ सापडली, तर मधल्या १६६ नोंदी हातात नाहीत. त्या भोकाच्या अलीकडची वेळ आणि पलीकडची वेळ लिहायची. इमेज घेताना डीडीरेस्क्यूनं केलेल्या नकाशात ती जागा न वाचता आलेली आहे का, तेही शेजारी लिहायचं. १०७४ सापडली नाही आणि ती रात्र भोकात पडत असेल, तर 'ऑपरेटरनं मशीन बंद केल्याची नोंद नाही' असं मी लिहीत नाही. 'त्या वेळेतल्या नोंदी उपलब्ध नाहीत' असं लिहितो. पहिलं वाक्य पोराच्या बाजूचं वाटतं, पण समोरचा वकील ते दोन मिनिटांत उलटवतो.

तेव्हा उद्या सकाळी डिस्क काढा, आणि पोराला सांगा, त्या रात्री काय काय झालं ते आठवेल तसं, वेळ घालून, स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहून ठेव. नोंदी निघायच्या आधी.